वरचे दूध, प्रवासातील

घराबाहेर असताना तान्ह्या बाळासाठी पावडरपासून दूध करण्याची रीत आणि ते बाधू नये म्हणून घ्यायची काळजी. अंगावरच्या दुधाखेरीज बाळाला दिलेल्या कोणत्याही दुधाला बोलीत ‘वरचे दूध’ म्हणतात. या नोंदीत फक्त डब्यातल्या पावडरीचा विचार केला आहे, आणि तोही दिवा परिसरातून निघणारा प्रवासी डोळ्यांपुढे ठेवून.

मध्य रेल्वेच्या मुंब्रा आणि कोपर या स्थानकांमधले दिवा हे जंक्शन आहे. येथून एक फाटा वसईकडे, दुसरा पनवेलमार्गे कोकणाकडे जातो, आणि सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते. दिव्यात कोकणातून आलेली वस्ती मोठी. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात कडेवर तान्हे मूल घेऊन गावी निघालेली माणसे या फलाटावर नेहमी दिसतात. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली करत सावंतवाडी येईपर्यंत दिवस सरतो, आणि दोन-तीन तासांनी भूक लागणाऱ्या बाळाला तेवढ्यात चार-पाच वेळा पाजावे लागते.

अंगावर पाजणाऱ्या आईला यातली कसलीच तयारी लागत नाही. म्हणून प्रवास हे पावडर सुरू करण्याचे कारण होऊ शकत नाही; पहिले सहा महिने आईचे दूध पुरते. पण आईचे आजारपण, तिचा मृत्यू, दत्तक घेतलेले मूल, पुरेसे दूध न येणे अशा कारणांनी डॉक्टरांनी डबा सांगितला असेल, तर त्या आईला कोणी बोल लावू नये. तिला हवी आहे ती नेमकी माहिती.

त्या माहितीचा गाभा एवढाच की पावडर निर्जंतुक नसते. सीलबंद डब्यातही क्रोनोबॅक्टर साकाझाकी किंवा साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. आपलीच मुले गिळणाऱ्या ग्रीक पुराणातल्या क्रोनसवरून क्रोनोबॅक्टरचे नाव पडले. त्याची बाधा क्वचित होते. पण दोन महिन्यांआतल्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला झाली तर मेंदूच्या आवरणाचा दाह होऊन ते दगावू शकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ॲबट कंपनीने मिशिगनमधल्या कारखान्यातली पावडर याच जिवाणूच्या संशयावरून बाजारातून परत घेतली. कोरड्या पावडरीत हे जिवाणू नुसते टिकून राहतात. ती कोमट पाण्यात कालवून ठेवली की मात्र ते वाढू लागतात, आणि उकाड्यात, गाडीच्या खच्चून भरलेल्या डब्यात ते झपाट्याने वाढतात.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात पावडर किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवायला सांगितले आहे. पाणी खळखळून उकळावे आणि अर्ध्या तासाच्या आत वापरावे, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जात नाही. पुष्कळ डब्यांवर कोमट पाणी घ्यायला सांगितलेले असते, कारण काहींतले मुद्दाम घातलेले उपयुक्त जिवाणू गरम पाण्यात मरतात. हा विरोध खरा आहे. बाळ लहान किंवा अशक्त असेल तर ७० अंशांचाच नियम पाळणे शहाणपणाचे, आणि डबा निवडतानाच त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

प्रवासात हे जमवायचे ते दूध घरून करून न नेता. पावडर कोरडी न्यायची, पाणी थर्मासमध्ये न्यायचे, आणि दोन्हींची गाठ बाळाला भूक लागेल तेव्हाच घालायची. एकेका वेळेची पावडर मोजून वेगवेगळ्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावी. थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून मग काठोकाठ भरावा; अर्धा भरलेला लवकर निवतो. एक मोठा थर्मास सारखा उघडत राहण्यापेक्षा दोन नेणे चांगले, म्हणजे दुसरा निम्म्या वाटेपर्यंत बंद राहतो. आपला थर्मास किती तास ७० अंश धरतो, हे निघण्याच्या आठवडाभर आधी घरीच स्वयंपाकाच्या थर्मामीटरने पाहून ठेवावे.

बाटल्या जितक्या वेळा पाजायचे तितक्या घ्याव्यात. गाडीत बाटली नुसती विसळता येते, निर्जंतुक करता येत नाही. घरी त्या साबणाने घासून, पूर्ण बुडतील अशा पाण्यात दहा मिनिटे उकळाव्यात आणि निपल व झाकण लावूनच बॅगेत ठेवाव्यात. वाटी-चमचा त्याहून बरा, कारण त्याला कोपरे नसतात आणि तो स्वच्छ घासता येतो. जुन्या घरांतले चोचीचे बोंडले मात्र आतून घासता येत नाही, ते टाळावे.

कालवताना आधी पाणी, मग पावडर, तीही डब्यातल्याच चमच्याने सपाट मोजून. डबा पुरवण्यासाठी दूध पातळ केले तर बाळाचे पोषण होत नाही आणि दाट केले तर त्याच्या शरीरातले पाणी कमी पडते. साखर, मध घालू नये. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. गरम दुधाची बंद बाटली थंड पाण्याच्या डब्यात झाकणाखालपर्यंत बुडवून निववावी आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावे. याला पंधरा मिनिटे लागतात, म्हणून बाळ रडायच्या आधीच हात धुऊन कामाला लागावे. केलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे. बाळाने तोंड लावून उरवलेले दूध टाकून द्यावे, पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. पैसे मोजून आणलेले दूध ओतताना जीव तुटतो, तरी ओतावे.

पाण्याबद्दल दिव्यात विशेष जपावे लागते. टंचाईमुळे अनेक घरे टँकरवर आणि विकतच्या जारवर चालतात. जारचे पाणी थंड आणि स्वच्छ दिसते, पण ते निर्जंतुक नसते. अंबरनाथच्या कारखान्यात भरले जाणारे सीलबंद रेल नीरही बाळासाठी उकळूनच वापरायचे. गाडीच्या डब्यातल्या मोबाइलच्या प्लगला विजेची किटली लावायला रेल्वेची मनाई आहे, तिच्याने आग लागू शकते. चहाच्या टपरीवर पाणी घेतले तर ते आपल्यासमोर, दूध न लागलेल्या भांड्यात उकळून घ्यावे.

पावसाळ्यात शिदोरी दुप्पट न्यावी. २६ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान रात्रभर अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना, त्यांत गरोदर बायका आणि मुलेही होती, दुसऱ्या दिवशी बाहेर काढावे लागले. अशा वेळी थर्मास निवालेला असतो. तेव्हा बाळाला उपाशी ठेवण्यापेक्षा उकळून निवालेल्या पाण्यात पावडर कालवून त्याच क्षणी पाजावी आणि थेंबही साठवू नये.

जून २०१६ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी निवडक स्थानकांवर बाळाचे अन्न, गरम दूध आणि गरम पाणी देणारी ‘जननी सेवा’ जाहीर केली. एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. बाळासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या गवळणीचे हे नाव चपखल आहे. पण त्या खोलीत आडोशाबरोबर उकळते पाणी आणि साबणही असायला हवा. पावडरीची जाहिरात करणे किंवा फुकट नमुने वाटणे १९९२च्या कायद्याने बंद आहे, म्हणून दुकानदाराने हातात ठेवलेला ‘सॅम्पल डबा’ घेऊ नये. आजारी किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तेथे दान आलेले दूध तपासून मिळते.

प्रवासात किंवा परतल्यावर बाळाला ताप आला, ते दूध ओढेनासे झाले, मलूल पडले किंवा आकडी आली, तर गाडीत असल्यास पुढच्याच स्थानकावर उतरावे आणि १०८ला फोन करावा. दिव्याहून ठाण्याकडे दुसरे स्थानक कळवा. ठाणे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तेथे आहे.