'कोरी रोट्टी' म्हणजे कोरी पोळी नव्हे! उडुपी-मंगळूरची ही चिकन करी नेमकी काय आहे?

मुंबईतल्या एखाद्या मंगळुरी हॉटेलात मेन्यूकार्डवर 'कोरी रोट्टी' वाचलं की मराठी माणसाला वाटतं, तेल-तूप न लावलेली साधी पोळी असणार. प्रत्यक्षात समोर येतात तांदळाचे कागदासारखे पातळ, कडक पापुद्रे आणि सोबत वाटीभर लालभडक चिकनचा रस्सा. आता हे पापुद्रे बुडवायचे, चुरायचे की पापडासारखे तोंडी लावायचे, इथे बरेच जण अडतात.

नावाचा अर्थ काय?

'कोरी' हा तुळू भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ कोंबडी. कर्नाटकातले दक्षिण कन्नड आणि उडुपी हे जिल्हे आणि केरळातल्या कासरगोडचा उत्तर भाग मिळून जो पट्टा होतो, त्याला तुळुनाडू म्हणतात. तिथली ही बोली. 'गस्सी' म्हणजे नारळाच्या वाटणातला रस्सा. म्हणून रश्शाचं नाव कोरी गस्सी आणि रोट्टीसोबत वाढलेल्या जोडीचं नाव कोरी रोट्टी.

उडुपी तर शाकाहारी ना?

आपल्याकडे 'उडुपी' म्हणजे इडली, डोसा आणि फिल्टर कॉफी. ही ओळख आली उडुपीच्या श्रीकृष्ण मठाच्या परंपरेतून. मठाच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही चालत नाही. पण ती त्या भागाची एक बाजू झाली. त्याच किनाऱ्यावर बंट, बिल्लव, मोगवीर अशा समाजांच्या घरी मासे आणि कोंबडी नेहमीची. त्यातही कोरी रोट्टीचं नाव घेतलं जातं ते बंट समाजासोबत. मुंबईत 'शेट्टीचं हॉटेल' म्हणून जी हॉटेलं ओळखली जातात, त्यांचे बरेचसे मालक याच समाजातले. म्हणजे गल्ल्यावर बसून शाकाहारी थाळी विकणाऱ्या शेट्टींच्या घरी रविवारी कोरी गस्सी शिजत असेल, तर त्यात नवल काही नाही.

गस्सी कशी बनते?

या रश्शाचा जीव आहे बेडगी मिरचीत. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून तिला हे नाव मिळालं आणि २०११ साली तिला भौगोलिक मानांकनही (जीआय) मिळालं. ही मिरची रंगाला गडद आणि तिखटाला बेताची. त्यामुळे गस्सी दिसते तेवढी जहाल नसते.

मिरच्या, धणे, जिरे, मिरी आणि थोडे मेथीदाणे खोबरेल तेलावर मंद भाजतात. मेथी जास्त झाली किंवा करपली की सगळा रस्सा कडू होतो. मग ओला नारळ, कांदा, लसूण, हळद आणि चिंच घालून हे सगळं गंधासारखं बारीक वाटतात. चिकन आधी या वाटणात आणि नारळाच्या पातळ दुधात शिजतं. घट्ट दूध घालायचं ते अगदी शेवटी. त्यानंतर रस्सा खळखळून उकळला तर दूध फाटतं, म्हणून आच बारीक ठेवावी लागते. वरून तळलेल्या कांद्याची फोडणी.

मालवणी रश्शापेक्षा वेगळी कशी?

दोन्हीकडे नारळ आणि दोन्हीकडे कोंबडी, पण चव वेगळी. मालवणी रश्शात कांदा-खोबरं चांगलं तांबूस होईपर्यंत भाजतात आणि मसाल्यात लवंग, दगडफूल, बडीशेप असे बरेच जिन्नस असतात. गस्सीत खोबरं फारसं भाजत नाहीत आणि गरम मसाला असला तर नावालाच. धणे आणि बेडगी पुढे, मागून चिंचेचा आंबटपणा आणि नारळाचा गोडवा.

रोट्टी आणि ती खायची रीत

रोट्टी उकड्या तांदळाची असते. तांदूळ भिजवून, वाटून, तापलेल्या तव्यावर अगदी पातळ पसरतात आणि पार कडक होईपर्यंत सुकवतात. पाण्याचा अंश न राहिल्यामुळे ती बरेच दिवस टिकते. आज मंगळूर-उडुपीकडे बहुतेक घरांत ती पाकिटातूनच येते. गस्सी मात्र घरची.

खाताना रोट्टी हाताने मोडून ताटात पसरायची आणि त्यावर गरम गस्सी भरपूर ओतायची. कुणाला ती लगेच, अर्धवट कुरकुरीत आवडते. कुणी पूर्ण मऊ होईपर्यंत थांबतं. पण रोट्टी रस्सा भराभर शोषते. म्हणून रस्सा पातळसर आणि मुबलक लागतो, आणि दुसऱ्यांदा मागून घेण्यात संकोच नसतो. हॉटेलात घट्ट, ग्रेव्हीसारखी आणि चमचाभर गस्सी आली, तर रोट्टी कोरडीच राहते आणि पदार्थाची सगळी मजा जाते. अशा वेळी जास्तीचा रस्सा आधीच सांगून ठेवावा.

मेन्यूकार्डवरचे भाऊबंद

• कोरी सुक्का: तोच किनारा, पण रस्सा नाही. किसलेल्या ओल्या नारळातलं कोरडं चिकन.

• चिकन घी रोस्ट: तुपात परतलेल्या बेडगीच्या वाटणातलं आंबट-तिखट चिकन. याचं श्रेय कुंदापूरच्या शेट्टी लंच होमला दिलं जातं.

• नीर डोसा: तुळूत 'नीर' म्हणजे पाणी. पाण्यासारख्या पातळ पिठाचा मऊ, जाळीदार डोसा. रोट्टी नसेल तर गस्सीसोबत हाच मागवावा.

पहिल्यांदाच खाणार असाल, तर चार रोट्ट्या एकदम मोडू नका. एक मोडा, रस्सा ओता, संपवा, मग दुसरी. नाहीतर शेवटची रोट्टी खायला घ्याल तोवर तिचा लगदा झालेला असेल.