डाव्या हाताचा मुजरा

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणी प्रसादाला डावा हात पुढे केला की आजीची चापट बसायची. आजोबा मात्र दमाजी गायकवाडांची गोष्ट रंगात आली की स्वतः उठून उभे राहत आणि कमरेत वाकून डाव्या हाताने झोकात मुजरा करून दाखवत. "पोरांना नको ते शिकवा," आजी फणकारायची. "अगं, हे शिकवलं पुण्याच्या पेशव्यांनी," आजोबांचं उत्तर ठरलेलं.

शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात वारले आणि रामराजे गादीवर आले. वर्षही झालं नव्हतं तोच, त्यांना नातू म्हणून पुढे आणणाऱ्या ताराबाईंनीच त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. पेशव्यांविरुद्धच्या ताराबाईंच्या हाकेला गुजरातेतून दमाजी धावले. पंधरा हजारांची फौज घेऊन आले, निंबला जिंकले आणि वेण्णेच्या काठी कोंडीत सापडले. नानासाहेब पेशवे मोगलाईच्या मोहिमेवरून घाईघाईने साताऱ्याला परतले. तहाची बोलणी सुरू झाली. पेशव्यांनी निम्मा गुजरात मागितला. दमाजींचं म्हणणं, आपण उमाबाई दाभाड्यांचे चाकर, त्यांना विचारल्यावाचून देणार कसं? ३० एप्रिल १७५१ च्या संध्याकाळी पेशव्यांची फौज अचानक त्यांच्या छावणीवर चालून गेली. दमाजींना कैद करून पुण्याला नेलं.

"बेलभंडार उचलून अभय दिलं होतं!" इथे आजोबांचा आवाज चढायचा. बेलभंडार बाजूला ठेवला, तरी तहाला आलेला माणूस गाफील असताना छापा पडला, हे उरतंच. पुढच्या वर्षी निम्मा गुजरात कबूल करून दमाजी सुटले. त्यानंतर पेशव्यांना त्यांनी मुजरा केला तो डाव्या हातानेच, अशी आख्यायिका आहे. त्यांनी चाकरी मात्र सोडली नाही. १७५३ मध्ये रघुनाथरावांबरोबर अहमदाबाद घेतलं, पानिपतावरही गेले. फसवल्या गेलेल्या माणसाने उघड बंडच करायला हवं असं नाही. तो हुकूम पाळतो आणि संधीची वाट पाहतो. पुढे माधवराव पेशवे आणि रघुनाथराव या पुतण्या-काकांत जुंपली, तेव्हा गायकवाडांची फौज रघुनाथरावांच्या बाजूने उभी राहिली.

आजीचं माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे तिची गोष्ट ताराबाईंची. रामराजे आपला नातू, हे पटवण्यासाठी ताराबाईंनी भावकीसमोर अन्नाची शपथ घेऊन त्यांच्याबरोबर जेवण केलं होतं. पुढे १४ सप्टेंबर १७५२ ला जेजुरीला खंडोबासमोर पेशव्यांनी आणि त्यांनी सलोख्याच्या आणाभाका घेतल्या. त्याच ठिकाणी ताराबाईंनी दुसरी शपथ घेतली, की हा माझा नातू नव्हेच. "अन्नाची खरी, की देवाची?" आजी विचारायची आणि स्वतःच सांगायची, "एक खोटी म्हटल्यावर दुसरीला कोण विचारतो!" रामराजे १७७७ पर्यंत छत्रपती राहिले, पण ते खरे की तोतये हा संशय त्यांच्या मानगुटीवरून उतरला नाही. गादी साताऱ्यात आणि कारभार पुण्यात, ही घडी तेव्हाच पक्की बसली.

आजोबांची गोष्ट डाव्या मुजऱ्यावर संपायची. मला तिचा शेवट पंढरपुरात दिसतो. बडोदे आणि पुणे यांच्यातला पैशाचा जुना हिशेब दुसऱ्या बाजीरावाच्या काळापर्यंत रेंगाळला होता. तो मिटवायला गायकवाडांनी १८१४ मध्ये गंगाधरशास्त्री पटवर्धनांना पुण्याला धाडलं, ते इंग्रजांनी त्यांच्या जिवाची हमी घेतल्यावरच. मराठ्यांचा एक सरदार मराठ्यांच्याच प्रधानाकडे वकील पाठवतो आणि जामीन राहतो इंग्रज! २० जुलै १८१५ ला पंढरपुरात शास्त्रींचा खून झाला. संशय बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर गेला, आणि हमी आपली होती म्हणून इंग्रजांना जाब विचारायचा हक्क मिळाला. १३ जून १८१७ च्या पुणे तहात बाजीरावाला गायकवाडांवरचे जुने दावे सोडावे लागले.

बडोद्यात इंग्रज शिरले याला घरातली भाऊबंदकी आणि फौजेचे तुंबलेले पगार हीही कारणं होती. पण घरातले लोक एकमेकांच्या शब्दावर विसंबत असते, तर परक्या जामिनाची गरजच पडली नसती.