कोरियातील 'वॉनॉमिन' शिक्षक : एका करारावर उभा असलेला संसार

दक्षिण कोरियात दरवर्षी नोव्हेंबर महिन्यातील एका गुरुवारी दुपारी सुमारे ३५ मिनिटे देशभरातील विमानांची उड्डाणे आणि उतरणे थांबविले जाते. त्या वेळी 'सुनुंग' या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेतील इंग्रजी श्रवणाचा भाग सुरू असतो आणि ध्वनिक्षेपकातून येणारे संवाद परीक्षार्थींना स्पष्ट ऐकू यावेत, अशी सरकारची इच्छा असते. इंग्रजीला ज्या देशाने असे मानाचे पान दिले, तेथे ती भाषा शिकविण्यासाठी परदेशातून येणाऱ्या तरुणांचा एक वेगळा वर्गच गेल्या तीन दशकांत तयार झाला आहे. कोरियन भाषेत त्यांना 'वॉनॉमिन', म्हणजे मूळ भाषक, म्हणतात. विमानाचे तिकीट, राहायला खोली आणि महिन्याच्या महिन्याला पगार असे त्यांचे आयुष्य दुरून सुखाचे दिसते. बहुतेकांच्या बाबतीत ते तसे असतेही. मात्र नोकरी, निवारा आणि देशात राहण्याचा परवाना या तिन्ही गोष्टी एकाच करारात बांधलेल्या असल्याने त्यातील एक गाठ सुटली, की बाकीच्या दोन सुटायला वेळ लागत नाही.

परदेशी शिक्षकांची ही परंपरा तशी जुनी आहे. अमेरिकेशी १८८२ मध्ये तह झाल्यानंतर कोरियाच्या राजदरबाराने १८८६ मध्ये सरदारपुत्रांसाठी इंग्रजी शाळा काढली आणि तीन अमेरिकी शिक्षक बोलावून घेतले. पुढे १९६६ ते १९८१ या काळात अमेरिकेच्या 'पीस कोअर' या संस्थेचे स्वयंसेवक कोरियातील शाळांतून इंग्रजी शिकवीत होते. त्यांच्यापैकी कॅथलिन स्टीफन्स यांनी १९७० च्या दशकात येसान या गावातील शाळेत शिकविले आणि २००८ मध्ये त्या अमेरिकेच्या राजदूत म्हणून सोलला परतल्या. सध्याच्या व्यवस्थेचा पाया मात्र १९९५ मध्ये घातला गेला. जागतिकीकरणाचा जप सुरू झालेल्या त्या काळात शिक्षण खात्याने 'एपिक' ही योजना आखून सरकारी शाळांत परदेशी शिक्षक नेमण्यास प्रारंभ केला. १९९७ पासून प्राथमिक शाळेत तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी आले आणि मागणी एकदम वाढली. २००८ च्या जानेवारीत नव्या अध्यक्षांच्या सत्ताग्रहण समितीच्या प्रमुखांनी 'ऑरेंज' हा शब्द कोरियन लिपीत 'ओरेंजी' न लिहिता 'ओरिंजी' असा लिहावा, असे सुचविले, तेव्हा देशभर आठवडेच्या आठवडे त्यावर वाद झडला. एका संत्र्यावरून एवढे रण माजावे, यावरून त्या समाजाच्या मनातील इंग्रजीचे ओझे कळते.

पासपोर्टवर ठरणारे 'मूळ'

परदेशी भाषाशिक्षकांना 'ई-२' या वर्गाचा व्हिसा मिळतो. इंग्रजीसाठी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांचे नागरिक त्यास पात्र ठरतात. पदवी कोणत्याही विषयातील चालते. भूगर्भशास्त्राचा पदवीधरही व्याकरण शिकवू शकतो. पदवीचे आणि पोलिसांकडील चारित्र्याचे प्रमाणपत्र मायदेशी साक्षांकित करून आणावे लागते. कोरियात पोचल्यावर अमली पदार्थांच्या चाचणीसह वैद्यकीय तपासणी होते आणि ९० दिवसांच्या आत परकीय नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते.

या यादीत भारत नाही. तथापि भारत आणि कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० रोजी अमलात आला, तेव्हा त्यात भारतीयांसाठी एक छोटे दार ठेवण्यात आले. पदवी आणि इंग्रजी अध्यापनाचे प्रमाणपत्र असलेल्या भारतीय नागरिकाला तेथील शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करता येते. म्हणजे अमेरिकी तरुणाला जे केवळ पासपोर्टवर मिळते, त्यासाठी भारतीयाला शिक्षक असल्याचा कागदही दाखवावा लागतो. शिवाय हे दार शाळांपुरतेच आहे; खासगी शिकवण्यांची मोठी बाजारपेठ त्याच्या बाहेर राहते. भाषा कोणाची, हा प्रश्न तेथे भाषेवर नव्हे तर नागरिकत्वावर ठरतो. अर्जासोबत छायाचित्र मागण्याची प्रथाही याच विचारातून आली. कृष्णवर्णीय आणि कोरियन वंशाच्या उमेदवारांना छायाचित्र पाहून नाकारले गेल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत.

शिकवणीवर्गातील संध्याकाळ

या शिक्षकांचे दोन ठळक प्रकार आहेत. पहिला 'हाक्वॉन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खासगी शिकवणीवर्गांत काम करणारा. आपल्याकडील क्लासेसची कल्पना केली तरी हाक्वॉनचा आवाका लक्षात येत नाही. गणित, पियानो, तायक्वांदो अशा हरएक विषयाचे वर्ग एकाच इमारतीच्या मजल्यांवर भरतात आणि मुलांना ने-आण करण्यासाठी पिवळ्या गाड्या फिरत असतात. कोरियन सांख्यिकी विभागाच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये शालेय विद्यार्थ्यांच्या खासगी शिक्षणावर २९ लाख कोटी वॉनहून अधिक खर्च झाला आणि दर १० पैकी ८ मुले कोणत्या ना कोणत्या शिकवणीला जात होती. १९८० मध्ये लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली होती. २००० मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. सोलमध्ये रात्री १० नंतर वर्ग चालविण्यास मनाई आहे आणि हा नियम मात्र न्यायालयाने २००९ मध्ये कायम ठेवला.

त्यामुळे हाक्वॉनच्या शिक्षकाचा दिवस दुपारी सुरू होतो. शाळा सुटलेली मुले येऊ लागतात, त्यातील लहानांना वर्गापुरते केविन किंवा जेसिका असे इंग्रजी नाव दिलेले असते. पन्नास मिनिटांचा एक तास, पाच-दहा मिनिटांची उसंत, पुन्हा तास. शेवटच्या तासाला येणारी मुले त्या दिवसाच्या तिसऱ्या वर्गाला आलेली असतात आणि बाकावरच डुलक्या घेतात. त्यांना जागे करावे की झोपू द्यावे, हा प्रश्न कोणत्याही प्रशिक्षणात शिकविला जात नाही. वर्गाबाहेर संचालकाचे लक्ष पालकांकडे असते, कारण आई नाराज झाली तर मूल पलीकडच्या इमारतीत जाते. शिक्षकाने महिन्याकाठी लिहिलेले प्रगतिपत्रक म्हणूनच प्रगतीपेक्षा समाधानाचे पत्रक असते.

याचेच लहान रूप म्हणजे 'इंग्रजी बालवाडी'. कायद्याने ती बालवाडी नव्हे, हाक्वॉनच. सकाळी नऊपासून चार-पाच वर्षांच्या मुलांशी दिवसभर इंग्रजीतच बोलायचे, त्यांचे डबे उघडून द्यायचे, नाके पुसायची. नामांकित वर्गांत प्रवेशासाठी चिमुकल्यांच्याही चाचण्या होऊ लागल्या. 'चार वर्षांची परीक्षा' आणि 'सात वर्षांची परीक्षा' हे शब्दप्रयोग २०२५ मध्ये तेथील वृत्तपत्रांत गाजले, ते याच संदर्भात.

शाळेतील पाहुणा

दुसरा प्रकार सरकारी शाळांतील शिक्षकांचा. 'एपिक'च्या करारात आठवड्याला २२ तासिका ठरलेल्या असतात. उरलेल्या वेळेत शिक्षक खोलीत बसून तयारी करायची. शाळेत शिरताना बाहेरचे बूट काढून सपाता घालायच्या, दुपारी भात, सूप, किमची आणि दोन-तीन तोंडीलावणी असलेले ताट घेऊन सर्वांसमवेत जेवायचे. किमचीत बहुधा खारवलेल्या कोळंबीचा किंवा माशाचा रस असतो, त्यामुळे कट्टर शाकाहाऱ्याला भात आणि सॅलडवर दिवस काढावे लागतात. वर्ग संपल्यावर झाडू-फडके घेऊन मुलेच शाळा झाडतात, हे पाहून नवख्याला नवल वाटते.

वर्गात त्याच्यासोबत एक कोरियन शिक्षक असतो. शिस्त त्याच्याकडे, उच्चार परदेशी शिक्षकाकडे, अशी कामाची वाटणी असते. ती जमली तर तास रंगतो. न जमली तर परदेशी शिक्षक नुसता बोलका ध्वनिमुद्रक बनतो. पालकांच्या रोषाची झळ त्याला क्वचितच लागते, ती कोरियन सहकारी सोसतात. २०२३ मध्ये सोलमधील एका तरुण प्राथमिक शिक्षिकेच्या आत्महत्येनंतर तेथील शिक्षक अनेक शनिवार रस्त्यावर उतरले, तेव्हा शेजारच्या टेबलावरील माणूस रोज काय सहन करीत होता, हे अनेक परदेशी शिक्षकांना उमगले असेल. सुटीत मुले घरी असली तरी करारानुसार शाळेत हजर राहण्याचे दिवस उरतात. रिकाम्या इमारतीत थंड टेबलाशी बसून राहण्याच्या या कामाला शिक्षकांनी 'टेबल ऊबवणे' असे विनोदी नाव दिले आहे.

शिकविण्यातील खरी अडचण मराठी वाचकाला चटकन कळेल. मराठीप्रमाणेच कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येते, शब्दयोगी अव्यये नामाच्या मागे लागतात आणि 'ए', 'द' यांसारखी उपपदे नसतात. 'मी शाळेला जातो' हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून कोरियनमध्ये नेता येते. इंग्रजीत नेताना मात्र त्याची उलटापालट करावी लागते. उच्चाराची तऱ्हा वेगळी. कोरियनमध्ये इंग्रजी 'एफ'चा ध्वनी नाही, म्हणून कॉफीची 'खॉपी' होते. जोडव्यंजने फोडून मध्ये स्वर घातला जातो, त्यामुळे इंग्रजीतील एका अवयवाच्या 'स्ट्राइक'चे कोरियन लिपीत पाच अवयव होतात. जुन्या पिढीत 'स्टेशन'चे 'ठेसन' करणाऱ्या आपल्याला यात हसण्यासारखे काही नाही. वर्गात श्रवण आणि संभाषण कितीही झाले तरी मुलांची नजर लेखी परीक्षेवर असते. २०१७ मध्ये घेतलेल्या 'सुनुंग'पासून इंग्रजीला इतरांशी तुलना न करता थेट गुणांवर श्रेणी दिली जाते, तरीही ताण म्हणावा तसा उतरलेला नाही.

पगार तोच, महागाई नवी

संध्याकाळी परतायचे ते मालकाने दिलेल्या एका खोलीच्या घरात. जमिनीखालून गरम राहणारी 'ओन्दोल' फरशी हिवाळ्यात मोठा आधार ठरते. कचरा ठरावीक विकतच्या पिशवीतच टाकायचा, खरकटे निराळे ठेवायचे; १९९५ पासूनची ही शिस्त अंगवळणी पडायला महिना जातो. लिपी त्या मानाने सोपी. राजा सेजोंगने १४४६ मध्ये प्रसृत केलेली हांगुल लिपी आठवड्याभरात वाचता येते, अर्थ कळायला मात्र वर्षे लागतात. सहकाऱ्यांबरोबरचे 'ह्वेशिक', म्हणजे कार्यालयीन जेवण, टाळता येत नाही असे पूर्वी मानत. आता तो आग्रह सैल झाला आहे.

घर फुकट मिळते, याचे मोल तेथील भाडेपद्धती पाहिल्याशिवाय कळत नाही. स्वतः खोली घ्यायची तर मोठी अनामत आधी मोजावी लागते. त्यामुळेच पगाराकडे फारसे कोणी पाहत नसे. परंतु २००० च्या दशकाच्या मध्यास नवख्या शिक्षकाला मिळणारे सुमारे २० लाख वॉन आजच्या जाहिरातींतही २१ ते २५ लाखांच्या आसपासच रेंगाळतात. याच काळात कायद्याने ठरविलेले किमान वेतन तासाला ३,४८० वॉन (२००७) वरून १०,०३० वॉन (२०२५) झाले. पूर्णवेळ कामाचा हिशेब केला तर २०२५ चे किमान वेतन महिन्याला २०,९६,२७० वॉन, म्हणजे सुमारे सव्वा लाख रुपये होते. एकेकाळी चैनीचा समजला जाणारा पगार किमान वेतनाला टेकला, तो असा.

वर्षभर काम केले की एका महिन्याचा पगार सेवासमाप्तीची रक्कम म्हणून देणे मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडील ग्रॅच्युइटीसारखेच हे. ती टाळण्यासाठी अकराव्या महिन्यात काढून टाकल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. करार चालू असताना नोकरी बदलायची तर सध्याच्या मालकाचे संमतिपत्र लागते. बाहेर परस्पर शिकवणी घेणे बेकायदा असून त्यासाठी दंड किंवा हकालपट्टीही होऊ शकते. कामगार कार्यालयात दाद मागता येते आणि थकीत वेतनाचे दावे तेथे निकालीही निघतात. मात्र पाचपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांना अन्याय्य बडतर्फीविरुद्धची कलमे लागू नाहीत आणि गल्लीबोळातील कित्येक हाक्वॉन नेमके एवढेच असतात. कामावरून काढलेला शिक्षक लढायचे म्हणतो, तेव्हा त्याला आधी खोली रिकामी करायची असते.

व्यवस्थेच्या संशयाला आव्हान देऊन ती बदलल्याचे एक उदाहरण आहे. २००७ मध्ये एका परदेशी शिक्षकाच्या परदेशातील अटकेनंतर उठलेल्या गदारोळात 'ई-२' धारकांसाठी एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. कोरियन शिक्षकांना ती नव्हती. उल्सान येथील न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने २००९ मध्ये पुन्हा चाचणी देण्यास नकार दिला आणि तिच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. तिची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीपुढे गेली. समितीने मे २०१५ मध्ये तिच्या बाजूने मत दिले आणि कोरियाने २०१७ मध्ये ही अट मागे घेतली.

दरम्यान या पेशाचा बहर ओसरला. २०११ नंतर सोल आणि भोवतालच्या प्रांताने माध्यमिक शाळांतील परदेशी शिक्षकांच्या जागा अंदाजपत्रकातून कमी केल्या. त्याहून मोठे कारण पाळण्यात आहे. २०२३ मध्ये कोरियाचा जननदर ०.७२ इतका खाली आला आणि त्या वर्षी देशात जेमतेम २ लाख ३० हजार मुले जन्मली. खेड्यांतील शाळा बंद होत आहेत. जेथे त्या उरल्या, तेथे एकच परदेशी शिक्षक दोन-तीन शाळांत वार वाटून फिरतो.

करार संपल्यावर निघतानाचे सोपस्कार ठरलेले आहेत. सेवासमाप्तीची रक्कम १४ दिवसांत मिळायला हवी. निवृत्तिवेतन निधीत भरलेले पैसे अमेरिकी, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन नागरिकांना परत मिळतात, ब्रिटिशांना मिळत नाहीत. खोलीची चावी संचालकाकडे, वीज-गॅसची शेवटची बिले चुकती, आणि विमानतळावर नोंदणीचे ओळखपत्र अधिकाऱ्याच्या हाती परत. त्याच खोलीत आठवड्याभरात पुढचा 'वॉनॉमिन' राहायला येतो.