नाव ठेवण्याआधी

परवा ओळखीतला एक तरुण घरी आला. दोघा मित्रांसह सॉफ्टवेअरची छोटी कंपनी काढतोय. हातात वहीचं पान, त्यावर सतरा नावं. ‘‘काका, यातलं एक निवडून द्या,’’ म्हणाला. मला हसू आलं, कारण या परीक्षेत मी एकदा नापास झालोय. त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

धंद्याचं नाव ठेवणारा बहुधा हातातल्या कामाकडे पाहूनच ते ठेवतो. १९७५ मध्ये बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअर या छोट्या संगणकासाठी बेसिक भाषा तयार केली. मायक्रोकॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर, म्हणून मायक्रोसॉफ्ट. सुरुवातीला मध्ये आडवी रेघही असे. रेघ गेली, नाव टिकलं. कारण ते एका मालाचं नव्हतं, अख्ख्या नव्या क्षेत्राचं होतं.

लॅरी एलिसन आणि त्यांच्या साथीदारांना हे पहिल्या फटक्यात जमलं नाही. १९७७ मध्ये त्यांनी ‘सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट लॅबोरेटरीज’ असं लांबलचक नाव घेतलं. दोन वर्षांनी ते ‘रिलेशनल सॉफ्टवेअर’ झालं. पण गिऱ्हाइकांच्या तोंडी होतं ते मालाचं नाव, ‘ओरॅकल’. अखेर कंपनीनंच ते स्वीकारलं. जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये वेगळीच वाट धरली. वॉरनॉक यांच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव त्यांनी कंपनीला दिलं : अडोबी. धंदा कुठलाही करा, ओढ्याला त्याचं काय सोयरसुतक?

आपल्याकडचं उदाहरण जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचं. तिथे १९४५ मध्ये सुरू झालेली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ वनस्पती तूप बनवायची. पुढे तिनं आद्याक्षरं जोडून ‘विप्रो’ हे सुटसुटीत नाव घेतलं. तेच नाव नंतर संगणकांवर झळकलं. मूळचं लांब नाव संगणकावर कसं दिसलं असतं, कल्पना करा!

आता माझी गोष्ट. १९९८ मध्ये पुण्यात आम्ही दोघांनी कंपनी काढली. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले असत, त्यामुळे २००० साल उजाडताच संगणक ते १९०० समजतील, ही धास्ती होती. ती दुरुस्ती जोरात चालली होती, म्हणून आम्ही नावातच ‘वाय-टू-के’ घातलं. पाटी रंगवली, लेटरहेड छापली. १ जानेवारी २००० उजाडला आणि पुढच्या काही महिन्यांत फोन थंडावले. आम्ही कारखान्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअरही करत होतो, पण एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, ‘‘अजून चालू आहात? तुमचं काम संपलं ना?’’

मग नाव बदलायचं ठरलं. विशेष ठराव, सरकारी मंजुरी, नवा दाखला. तोवर भागीदार नोकरीला लागला होता. नाव बदललं म्हणून कंपनीची देणी बदलत नाहीत, हे कायद्यात स्पष्ट आहे. बँकेचे हप्ते नव्या नावानं मी एकट्यानंच फेडले.

तरुणाच्या पानावरच्या सतरांपैकी अकरा नावांत ‘एआय’ होतं. मी काही बोललो नाही. त्यानं पान घडी करून खिशात ठेवलं. दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, ‘‘काका, आमच्या गावच्या नदीचं नाव घेतलं तर?’’