डर्वेंटवॉटरचा एकांतवासी हर्बर्ट

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यांत, कंब्रियाच्या डोंगराळ मुलखांत, केझिक नांवाचें गांव आहे. त्याच्या दक्षिणेस डर्वेंटवॉटर हें सरोवर पसरलेलें असून त्याच्या मध्यभागीं दाट झाडीचें एक लहानसें बेट आहे. त्यास संत हर्बर्टाचें बेट म्हणतात. इंग्लंडच्या थोर साधुपुरुषांत या हर्बर्टाची गणना सहसा होत नाहीं. त्यानें मठ स्थापिला नाहीं, ग्रंथ लिहिला नाहीं, व त्याच्या नांवावर चमत्कारहि फारसे नाहींत. तथापि सातव्या शतकांतील या मनुष्याचें नांव त्या बेटास अद्यापि चिकटून आहे. हें कसें घडलें, याचा विचार आम्हांस येथें कर्तव्य आहे.

हर्बर्टाविषयींची आमची बहुतेक सर्व माहिती बीड या विद्वान मठवासी इतिहासकाराच्या लेखणींतून आलेली आहे. इंग्रज लोकांच्या धर्मसंस्थेचा जो इतिहास त्यानें ७३१ सालीं पुरा केला त्यांत, आणि तत्पूर्वीं लिहिलेल्या कथबर्टाच्या चरित्रांत, अशी दोन वेळां त्यानें ही हकीकत सांगितली आहे. कथबर्ट हा नॉर्थम्ब्रियाच्या राज्यांतील अत्यंत पूज्य पुरुष होय. फार्न बेटावरील आपला एकांतवास सोडून, लोकाग्रहास्तव, ६८५ सालीं त्यानें बिशपचें पद स्वीकारिलें. त्याच सालीं राजा एक्फ्रिथ पिक्ट लोकांशीं लढतांना मारला गेला. पुढें विधवा राणीस संन्यासवस्त्र देण्यासाठीं व नव्या पुरोहितांस दीक्षा देण्यासाठीं कथबर्ट कार्लाईल येथें गेला. हर्बर्ट हा दरवर्षीं बेट सोडून त्याच्याकडे उपदेश ऐकावयास जात असे. गुरु जवळच आल्याचें कळतांच तो तेथें गेला.

बीड सांगतो कीं, त्या भेटींत कथबर्टानें त्यास स्पष्ट बजाविलें: जें विचारावयाचें असेल तें आतांच विचारून घे, कारण या लोकीं आपली पुन्हां भेट नाहीं. तें ऐकून हर्बर्ट त्याच्या पायां पडला व अश्रु ढाळीत म्हणाला कीं, आपण दोघांनीं एकाच देवाची सेवा केली आहे, तर देवाघरींहि आपणांस बरोबरच जातां यावें, एवढें माझ्यासाठीं मागा. कथबर्टानें प्रार्थना केली आणि मागणें मान्य झाल्याचें त्यास सांगितलें. पुढें ६८७ सालच्या मार्चच्या २० तारखेस, एक फार्न बेटावर व दुसरा डर्वेंटवॉटरच्या बेटावर, असे दोघेहि एकाच दिवशीं निवर्तले.

आजचा चिकित्सक वाचक येथें हंसेल. दोन साधु एकाच दिवशीं वारले, ही गोष्ट भाविकांनीं मागाहून जुळवून घेतली नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे. परंतु बीडनें आणखी एक गोष्ट नमूद केली आहे, तिकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. मरणापूर्वीं हर्बर्ट दीर्घकाळ आजारानें पीडित होता. त्याचें पुण्य गुरूच्या पुण्याहून कांहींसें कमी असल्यास त्या यातनांनीं तें भरून निघावें आणि दोघांस सारखेंच पद मिळावें, असा बीडनें या आजाराचा अर्थ लाविला आहे. ही मीमांसा आम्हांस पटो वा न पटो, तिच्यामागें एक अडचणीची गोष्ट उभी आहे. ज्याची प्रार्थना मान्य झाली त्याच्या वांट्यास इतके हाल कां यावे? केवळ सोयीची कथा रचणारा मनुष्य असली अडचण स्वतः निर्माण करीत नाहीं. म्हणून मृत्यूच्या तिथीबद्दल कोणी कांहींहि म्हणो, त्या बेटावर एक मनुष्य बरेच दिवस आजारी पडून होता, एवढें तरी आम्ही खरें मानतों.

यानंतर जवळजवळ सातशें वर्षांनीं, १३७४ सालीं, कार्लाईलचा बिशप टॉमस ॲपलबी यानें एक आज्ञापत्र काढिलें. क्रॉसथ्वेटच्या धर्मोपदेशकानें दरवर्षीं १३ एप्रिल रोजीं बेटावर जाऊन गायनासह उपासना करावी, आणि जे लोक त्याच्याबरोबर जातील त्यांस पापाबद्दलच्या दंडांतून चाळीस दिवसांची सूट मिळावी, असें त्यांत फर्माविलें होतें. मार्चची २० तारीख असतां १३ एप्रिल कोठून आली? रोमन गणनेप्रमाणें २० मार्च हा एप्रिलच्या पहिल्या दिवसापूर्वींचा तेरावा दिवस ठरतो. त्या तेराच्या आंकड्यानें कोणा वाचकाची फसगत झाली असावी, असा आमचा तर्क आहे. तो खरा असल्यास, केझिकचे लोक एका चुकलेल्या तिथीस नावांत बसून आपल्या साधूची पुण्यतिथि करावयास जात होते असें म्हणावें लागेल. त्यांच्या भक्तींत त्यामुळें उणेपणा आला असें मात्र आम्हांस वाटत नाहीं.

सोळाव्या शतकांतील धर्मक्रांतीनें असल्या यात्रा व पापदंडाच्या सवलती इंग्लंडांतून नाहींशा केल्या. तरीहि नांव टिकलें. यात्रेकरू ज्या खडकावरून नावेंत चढत असें परंपरा सांगते, त्यास अजूनहि साधूचा कडा या अर्थाचें नांव आहे. वर्ड्स्वर्थनें १८०० सालीं हर्बर्टाच्या कुटीच्या जागेवर कविता प्रसिद्ध केली, आणि १९०३ सालीं बीॲट्रिक्स पॉटरनें एका खारीच्या बालकथेंत हेंच बेट घुबडाचें घर म्हणून रंगविलें. आज तेथें कांहीं पडक्या दगडांपलीकडे पाहण्याजोगें फारसें नाहीं. कथबर्टाच्या समाधीवर डरहॅमचें भव्य मंदिर उभें राहिलें. हर्बर्टाच्या अस्थि कोठें आहेत, हें सांगणारें कोणी नाहीं.

मोठ्या पुरुषांच्या चरित्रांतून त्यांच्या भोंवतालचीं लहान माणसें बहुधा गळून जातात. हर्बर्ट गळला नाहीं, याचें कारण त्याचें तप नव्हे. तसें तप त्या काळीं पुष्कळांनीं केलें असेल. कारण हें कीं त्यानें मोक्ष मागितला नाहीं, दीर्घायुष्य मागितलें नाहीं, तर मित्राच्या मागें एकटें न राहण्याचा वर मागितला. एकांत पत्करलेल्या मनुष्यानें असें मागावें, यांतच त्याच्या कथेचें सारें मर्म आहे. तो वर २० मार्च रोजीं अक्षरशः फळला कीं नाहीं, हा वाद पंडितांनीं खुशाल घालावा. कथबर्टाचें चरित्र जो कोणी उघडील, त्यास हर्बर्ट त्याच्या पायांशीं बसलेला आढळेलच.