पहिलं नाव कुणाचं?

मध्यमवर्गाचा इतिहास शोधायचा असेल तर शेअर सर्टिफिकेटांच्या जुन्या फायली उघडाव्यात, असं माझं मत आहे. १९७३च्या फेरा कायद्यानंतर अनेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा भारतीयांना विकावा लागला, १९७७मध्ये रिलायन्सचा इश्यू आला आणि पगारदार घरांत शेअर शिरले. त्या काळातली जेवढी सर्टिफिकेटं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांवर दोन नावं होती. आधी नवऱ्याचं, मग बायकोचं.

दोन नावं टाकण्यामागे प्रेम असेलही, पण खरं कारण कोर्टाची भीती. शेअरना नॉमिनी लावायची सोय कंपनी कायद्यात १९९९मध्ये आली. त्याआधी शेअर एकट्याच्या नावावर असले आणि तो माणूस गेला, तर वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या. दोन नावं असली की मागे राहिलेल्याला कंपनी मालक मानत असे. म्हणजे दुसरं नाव हे मृत्यूची तरतूद होतं. शेअरसाठी पैसे कुणी दिले याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

गोम इथेच आहे. कंपनीला फक्त रजिस्टर दिसतं. शेअर खरे कुणासाठी धरलेत याची नोंद रजिस्टरमध्ये करायचीच नाही, असं १९५६च्या कंपनी कायद्याचं कलम १५३ सांगत होतं. त्यामुळे लाभांश जायचा पहिल्या नावाला. प्राप्तिकर कायदा मात्र वेगळं विचारतो: पैसा कुणाचा? आईच्या पैशातून घेतलेल्या शेअरचा लाभांश आईचं उत्पन्न, मग वर नाव कुणाचंही असो. दोघांनी निम्मे-निम्मे घातले असतील तर निम्मा-निम्मा.

या दोन प्रश्नांची टक्कर १९५९मध्ये सुप्रीम कोर्टात झाली. खटला कलकत्त्याच्या हावडा ट्रेडिंग कंपनीचा. शेअर तिने विकत घेतलेले, लाभांशही तिलाच मिळालेला, पण रजिस्टरवर दुसऱ्यांची नावं. तेव्हा कंपनीने भरलेल्या कराचं श्रेय शेअरहोल्डरला मिळत असे. तेच तिने मागितलं. कोर्टाने नकार दिला: शेअरहोल्डर म्हणजे रजिस्टरवर ज्याचं नाव तो. लाभांश एकाचा आणि कराचं श्रेय दुसऱ्याचं. तर्काने बरोबर असेल, पण वाचताना आजही खटकतं.

बायकांच्या बाबतीत सरकारचा संशय त्याहून जुना. नवऱ्याने बायकोला मोबदल्याशिवाय दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचं, ही तरतूद १९३७मध्ये आली. बायको-मुलांच्या नावावर उत्पन्न वाटून कर वाचवण्याच्या युक्त्या तेव्हा बोकाळल्या होत्या, म्हणून. १९६१च्या कायद्यात तीच कलम ६४ झाली. युक्ती रोखणं ठीकच. पण त्यामुळे शिवणकाम करून, पोळ्या लाटून किंवा माहेरचे दागिने मोडून शेअर घेतलेल्या बाईवर पैसा आपला असल्याचं दाखवायची पाळी येते.

मग १९९७मध्ये हा सगळा वाद झोपला. चिदंबरम यांच्या त्या गाजलेल्या बजेटने लाभांशावरचा कर कंपनीकडूनच घ्यायला सुरुवात केली, सुरुवातीला १० टक्के. शेअरधारकाच्या हाती आलेला लाभांश करमुक्त. २००२मध्ये यशवंत सिन्हांनी हे उलटवलं, पुढच्याच वर्षी जसवंत सिंगांनी परत आणलं. ते एक वर्ष सोडलं तर पहिलं नाव कुणाचं, या प्रश्नाला करापुरता अर्थच उरला नाही. याच काळात कागद जाऊन डीमॅट आलं आणि कागदावरचा नावांचा क्रम तसाच तिकडे उतरला. कुणाला काय पडलं होतं?

१ एप्रिल २०२०पासून निर्मला सीतारामन यांच्या बजेटने कर पुन्हा शेअरधारकावर टाकला. एका कंपनीचा वर्षाचा लाभांश ५,००० रुपयांवर गेला की १० टक्के टीडीएस (२०२५पासून ही मर्यादा १०,००० आहे). टीडीएस कापला जातो पहिल्या नावाच्या पॅनवर, आणि एआयएसमध्ये अख्खा लाभांश त्याच्याच नावे दिसतो. समजा शेअर आईचे, पहिलं नाव बाबांचं. आईचं उत्पन्न कराच्या मर्यादेखाली आणि बाबा ३० टक्क्यांच्या टप्प्यात. बाबा निमूटपणे सगळं आपल्या रिटर्नमध्ये दाखवतात, ३० टक्के भरतात. आईचं उत्पन्न कागदोपत्री शून्य.

याला कायद्यात वाट आहे. प्राप्तिकर नियम ३७बीए सांगतो की उत्पन्न दुसऱ्याचं असेल तर पहिल्या नावाने कंपनीकडे तसं घोषणापत्र द्यावं. दुसऱ्याचं नाव, पत्ता, पॅन आणि कारण त्यात लिहावं. मग टीडीएसचं श्रेय खऱ्या मालकाला मिळतं. हावडा ट्रेडिंगला जे मिळालं नाही ते आज एका फॉर्मवर मिळतं. पण हा फॉर्म प्रत्येक कंपनीला वेगळा पाठवावा लागतो. आणि तो भरायचा कुणी? तर पहिल्या नावानेच.

गोव्यात हा पेच निदान नवरा-बायकोत बराचसा सुटलेला आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते. म्हणून प्राप्तिकर कायद्यात कलम ५अ घातलं गेलं: पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत समान वाटून प्रत्येकाच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. त्यासाठी रिटर्नमध्ये वेगळं परिशिष्ट आहे, त्यात जोडीदाराचा पॅन मागतात. हे कलम १९९४मध्ये आलं, पण लागू केलं १९६३पासून मागे जाऊन.

सावंतवाडीत मात्र पासबुक शोधावं लागतं. शेअर घेताना पैसे कुणाच्या खात्यातून गेले हे त्यातच सापडतं, आणि चाळीस वर्षांपूर्वीची पासबुकं बहुतेक घरांनी केव्हाच रद्दीत घातली आहेत.