कोरीव संदूक आणि कौटुंबिक परंपरा : उल्हासनगर परिसराच्या इतिहासाचे एक साधन

इंग्लंडमधील १७ व्या शतकातील ओक लाकडाच्या कोरीव पेट्यांपैकी कित्येकींवर मालकाची आद्याक्षरे व वर्ष कोरलेले असते. त्यामुळे त्यांचा काळ ठरविणे सुलभ होते. महाराष्ट्रात ओकचे स्थान सागवान व शिसव यांनी घेतले; सागाच्या अंगच्या तेलामुळे त्यास वाळवी सहसा लागत नाही. परंतु ज्या पेटीवर नाव वा वर्ष नाही, तिच्याविषयीची कौटुंबिक परंपरा कितपत प्रमाण मानावी? उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण येथे दोन भिन्न इतिहासांची घरे शेजारी नांदत आहेत.

पहिला इतिहास स्थानिक होय. १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि बदलापूरचा परिसर मुंबईच्या बाजारपेठेशी जोडला गेला. त्या सुमारास मुंबईत शिसवी कोरीव सामानाचा धंदा भरभराटीस आला होता. यूरोपीय व पारशी कुटुंबे त्याची मोठी गिऱ्हाइके होती.

दुसरा इतिहास सिंधचा. १८४३ मध्ये इंग्रजांनी जिंकलेला सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. हैदराबाद (सिंध) येथील व्यापाऱ्यांनी सिंधी कारागिरीच्या वस्तू मुंबईत विकण्यापासून आरंभ करून पुढे परदेशांत पेढ्या उघडल्या. अर्थात माल दोन्ही दिशांनी जाऊ शकत होता. सिंधी घरातील संदूक सिंधमध्येच घडविलेला असेल, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर सिंधी हिंदूंचे स्थलांतर वाढले. त्यांतील असंख्य कुटुंबे कल्याणच्या युद्धकालीन लष्करी छावणीत आली. तेथेच ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. १९५० च्या निर्वासित दावे कायद्याने दावा मांडता येई तो स्थावर मालमत्तेचा. घर, दुकान व जमीन यांची नोंद सरकारी दप्तरात झाली. संदूक त्या दप्तराबाहेर राहिला. त्याच्या प्रवासाचा पुरावा म्हणजे बहुधा घरातील वृद्धांची आठवण.

ही आठवण तपासताना तिच्यातील दोन विधाने वेगळी करणे अवश्य आहे : वस्तू किती जुनी आहे, आणि ती कोठून कशी आली. पहिल्याची परीक्षा वस्तूवरच करता येते. टोकदार यंत्रनिर्मित स्क्रू १९ व्या शतकाच्या मध्यापासून प्रचारात आले. मूळच्या बिजागऱ्यांस ते असतील, तर 'पेटी दोनशे वर्षांची' हे कथन टिकत नाही. मात्र स्क्रू मागाहूनही बदलले जातात. म्हणून जुन्या भोकांच्या खुणा, लाकडाची जात व सांध्यांची घडण ही सर्व एकत्र पाहावी लागतात.

तथापि वयाचे विधान चुकीचे ठरले म्हणून प्रवासाचे विधान खोटे ठरत नाही. पिढ्यांची संख्या वाढवून सांगणारी व्यक्ती स्वतः केलेल्या बोटीच्या प्रवासाविषयी विश्वसनीय असू शकते. तो प्रवास प्रत्यक्ष केलेली पिढी अस्तंगत होत आहे. संदूकाचे लाकूड पुढेही तपासता येईल. पण तो घेऊन येताना काय मागे ठेवावे लागले, हे लाकूड सांगणार नाही. म्हणून उल्हासनगरच्या अभ्यासात साक्षींच्या संकलनास वस्तूंच्या परीक्षणापूर्वी स्थान देणे युक्त होय.